पोचती केलेली शाल

कुणाच्या खांद्यावर शाल टाकताना बघितलं की माझं डोकं फिरतं. कॉलेजात कुणी निवृत्त होतं, कुणाला पीएच.डी. मिळते, शेजारच्या गल्लीतला कुणी निवडून येतो आणि लगेच कुठून तरी ती पातळ शाल येते, पिशवीतून नुकती काढलेली, घडीच्या रेषाही न मोडलेली. पाठोपाठ नारळ येतो. फोटोवाला म्हणतो, "सर, जरा इकडं बघा." अशा वेळी मी मागच्या दारानं निघतो आणि गाड्या लावायच्या जागी जाऊन उभा राहतो. लोकांना वाटतं, सरांना दुसऱ्याचं कौतुक बघवत नाही. वाटू दे. खरं कारण सांगायचं तर आधी मी दारुडा आहे हे सांगावं लागेल, आणि ते मी आठवड्यातून एकदा, एकाच खोलीत सांगतो.

इथं लिहून राहिलो, कारण जिच्यामुळं लिहायचं तिनं हो म्हटलंय. अटी दोन घातल्या. गावाचं नाव लिहायचं नाही, आणि माझी चूक गाळायची नाही. पहिली अट सोपी होती.

मी मूळचा लातूरचा. प्यायला तिथंच शिकलो, सोडलीही तिथंच. सोडली म्हणजे एका शिंप्याच्या दुकानामागच्या खोलीत आठवड्यातून दोनदा जाऊन बसायला लागलो. तिथं माझ्यासारखेच आठ-दहा जण बसायचे. एकेकानं आपलं सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, सल्ला कुणी द्यायचा नाही. पुढं एकच मशीन खडखडत असायची आणि मागं आम्ही आपापली लाज उकलत बसायचो. पूर्ण नाव कुणी विचारत नाही. इथं भेटलेलं माणूस बाजारात दिसलं तर ओळख त्यानं दाखवायची, आपण नाही. आणि गट कुणाचाच नसतो, पक्षाचा नाही, देवळाचा नाही, दवाखान्याचा नाही. म्हणून जागेचं भाडं, चहा, जे काय लागेल ते सभेच्या शेवटी आमच्याच वर्गणीसाठी फिरणाऱ्या पिशवीतून.

मला तिथं धरून ठेवलं ते एसटीतून निवृत्त झालेल्या एका कंडक्टरनं. माणूस काटेकोर. एक तारखेला सभेच्या आधी शिंप्याच्या हातात भाडं ठेवायचाच. शिंपी भला होता. म्हणायचा, "राहू द्या हो, चांगलं काम करून राहिले तुम्ही." कंडक्टर म्हणायचा, "चांगलं काम आम्ही आमच्यासाठी करतो. भाडं तुमचं हाय, ठेवा." सभा संपली की स्वतः खोली झाडायचा, खुर्च्या भिंतीला लावायचा आणि मग किल्ली परत द्यायचा. मी त्याला चिडवायचो की काका, अजून तिकिटं फाडून राहिले तुम्ही, समोरचा फुकट देतोय तर घ्या की. एकदा त्यानं झाडू बाजूला ठेवला आणि मला समजावलं.

"लेका, फुकट बसलास की त्याच्या पोरीच्या लग्नात वाढायला बी जावं लागतं. मग तिथं कुणी इचारतं, हे कोण? तो सांगणार, हे माझ्या दुकानामागं दारू सोडायला येतेत. त्याच्या मनात वाईट न्हाई. पण सांगंल."

मी हसलो होतो. आता त्या हसण्याचा राग येतो.

पुढं कॉलेजच्या संस्थेनं माझी बदली नांदेडला केली. इथला गट एका शाळेच्या वर्गात बसायचा, गुरुवारी संध्याकाळी. पहिलीचा वर्ग. बाकडी इतकी बुटकी की आमचे गुडघे हनुवटीला लागायचे आणि भिंतीवरच्या मुळाक्षरांच्या तक्त्यावरचं गाढव आमच्याकडं बघत असायचं. सात-आठ जण होतो, नंतर अकरा झालो. गटाची व्यवस्था बघायचं काम माझ्याकडं आलं. खोली उघडणं, चहा सांगणं, नव्या माणसाला दारातून आत आणणं.

ती अशीच दारात आली. पावणेसहाच्या सुमाराला, पदर डोक्यावरून, हातात कापडी पिशवी. "हितं ते चालतं का?" एवढंच म्हणाली. मी म्हटलं, चालतं, या ताई. आमच्या अकरा जणांत ती एकटी बाई. अर्धापूरच्या पुढच्या एका गावात अंगणवाडी सेविका होती. दारू कशी लागली, किती, हे मी सांगणार नाही, ते तिचं आहे. एवढं सांगतो की घरात फक्त नवऱ्याला ठाऊक होतं. सासूला संशय होता. गावाला काहीच माहीत नव्हतं. पुरुष पिऊन पारावर पडला तर लोक त्याला ओलांडून जातात आणि संध्याकाळी त्याच्याशीच पत्ते खेळतात. पण लोकांची लेकरं जिच्या मांडीवर सोडलेली असतात ती पिते म्हटल्यावर तिला गावात पाणी भरणं अवघड होईल. म्हणून गुरुवारी ती गुडघ्याच्या दवाखान्याला म्हणून निघायची. गावात चढता-उतरता लंगडायची. नांदेडला उतरली की सरळ चालायची. त्यावरून आम्ही हसायचो, तीही हसायची. तिनं गावाचं नाव गटात कधी काढलं नाही. एकदा शेवटची बस चुकेल म्हणून मी विचारलं तेव्हा फक्त मला सांगितलं.

सगळे मिळून चौदा महिने तिनं थेंब घेतला नाही. तिचं सगळं त्यावर उभं होतं, नोकरी, घर, त्या लेकरांचं तिच्याकडं धावत येणं. आणि ते चौदा महिने उभे होते दर गुरुवारच्या त्या एका तासावर, जिथं तिला लंगडावं लागत नव्हतं.

ती आल्यावर थोड्याच दिवसांत शाळेनं वर्गात कॅमेरे बसवले. तिनं पहिल्याच गुरुवारी वर बघितलं आणि दारातच थांबली. आम्ही तिथून उठलो. कॅमेरा नको म्हणून उठलो, हे लक्षात ठेवा.

गटात एक कापडाचे व्यापारी होते. आम्ही त्यांना शेठ म्हणायचो. दोन वर्षं झाली होती त्यांना सोडून आणि त्या आनंदात ते अजून होते. त्यांनी आपल्या इमारतीच्या वरच्या मजल्यावर एक मंडळ काढलं, रीतसर नोंदणी करून. कल्पना चांगली होती, हे मला नाकारता येत नाही, आणि नाकारता येत नाही याचाही राग येतो. दारू सोडलेल्या माणसाला संध्याकाळ खायला उठते. मित्र सगळे बारमध्ये, घरी बसावं तर बायको सारखी तोंडाचा वास घेऊन राहिलेली. जायचं कुठं? मंडळात कॅरम होता, पेपर होते, चहा होता, सात वाजता बातम्या. आमच्यातले दोघं तरी त्या कॅरममुळं टिकले. गुरुवारची सभा इथंच घ्या, शेठ म्हणाले. मी भाड्याचं विचारलं.

"सर, भाड्याचं नाव काढू नका. खामखा परकेपणा कशाला? आपलंच घर हाय."

मला कंडक्टर आठवला. चांगला झाडूसकट आठवला. तरी मी मान डोलावली. शेठ दुखावतील असं वाटलं. शिवाय इतक्या महिन्यांनी मोठ्यांच्या उंचीची खुर्ची मिळत होती.

महिन्याभरात दारावर पाटी आली, "मंडळ संचलित गुरुवार सभा". गट कुणाचाच नसतो, आणि इथं आम्ही संचलित झालो होतो. मी पाटी वाचली आणि आत जाऊन चहा प्यालो. मग शेठ आमच्या सभेत स्वागताचं बोलायला लागले, मंडळाचे अध्यक्ष म्हणून. आत आल्यावर तेही आमच्यासारखेच दारुडे होते, बाहेर अध्यक्ष होते, आणि आपण उंबऱ्याच्या कुठल्या बाजूला आहोत हे त्यांना कळेनासं झालं. कळलं मला होतं. पण त्यांच्या खुर्चीवर फुकट बसून त्यांना ते सांगायचं कसं?

नंतर वही आली. शेठ म्हणाले, वर्षाचा अहवाल द्यायचाय, किती लोकांना लाभ झाला त्याची यादी लागते. मी म्हटलं, नावं देता येत नाहीत. ते म्हणाले, "सर, आमच्याच कपाटात राहील. तुमचं अक्षर चांगलं हाय, तुम्हीच लिहा." रकाने आखलेले होते, नाव, गाव, किती दिवसांपासून. मी मास्तर. रकाना आखून पुढं ठेवला की माझा हात आपोआप चालतो. अकराच्या अकरा नावं लिहिली. तिचं लिहिलं, पुढं गाव लिहिलं, पुढं चौदा महिने लिहिलं. नुसता आकडा कळवला असता तरी भागलं असतं, हे मला नंतर एका वकिलानं सांगितलं. पण मी वकिलालाच काय, गटालाही विचारलं नव्हतं.

मंडळाचा पहिला वर्धापन दिन रविवारी सकाळी ठेवला होता. फ्लेक्सवर पाहुणे होते, शेठ होते, आमच्यापैकी कुणी नव्हतं, म्हणून मी निर्धास्त झालो. शेठच्या बाजारातल्या ओळखीचे लोक, नातेवाईक, बायका-पोरं अशी पाऊणशे तरी माणसं. कोण कशासाठी आलंय कुणाला कळणार, म्हणून तिलाही मीच म्हटलं, या ताई, मागं बसा, जेवून जा. ती बायकांमध्ये शेवटच्या रांगेत बसली होती.

सूत्रसंचालक बाहेरून आणला होता, चारोळ्या म्हणणारा. पाहुण्यांचं झालं, शेठचं झालं, आणि मग त्यानं ती वही उघडली. लांबूनही माझं अक्षर मला ओळखू आलं. पहिलं नाव माझं. सगळे टाळ्या वाजवून राहिलेले, दोघांनी मला हाताला धरून उठवलं, आणि मी गेलो. जायला नको होतं. खांद्यावर शाल पडली, नारळ आला, फोटोवाल्याकडं बघितलं. मी अजून मंचावर असतानाच तो म्हणाला, "आणि आता आपल्या एकमेव भगिनी." मग तिचं नाव घेतलं, आडनावासकट. गाव घेतलं. चौदा महिने, जोरदार टाळ्या.

पाऊणशे माथी मागं वळली. आणि तीही वळली. बाकीच्या बायकांसारखीच मान वळवून, कोण आहे ही बाई, म्हणून दाराकडं बघायला लागली. तिला चेहऱ्यानं ओळखणारे आम्ही दहा जण, आणि आम्ही सगळे खाली बघत होतो. सूत्रसंचालक म्हणाला, "लाजू नका ताई, या." जरा वेळानं त्यानं पुढचं नाव घेतलं. मग ती उठली, पिशवी घेतली आणि हात धुवायला गेल्यासारखी निघून गेली. मी शाल पांघरून मंचावर उभा होतो. मी तिच्यामागं गेलो नाही.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडताच मी शेठना गाठलं. गल्ल्यावर बसले होते, मागं शालींचा गठ्ठा. मी सुरुवातच ओरडून केली, तुम्ही त्या बाईचा बाजार मांडला म्हणून. नोकर कापड मोजायचे थांबले.

शेठ आवाज न चढवता म्हणाले, "सर, शिवी दिली का मी? इज्जत दिली. मी नालीत पडलो होतो तव्हा सगळ्या गावानं बघितलं. सोडली तव्हा बी बघू द्या की."

"तुम्हाला बघू द्या. तुमच्या नावाची पाटी लावा हवी तर चौकात. तिला कुणी बघितलं नव्हतं, आणि ते तिनं चौदा महिने सांभाळलं होतं."

"पण चांगलंच सांगितलं ना?"

त्यांना खरंच कळत नव्हतं. आमच्याकडं चांगलं झालं की चारचौघांत सांगायचं असतं, आणि सांगायची रीत एकच, शाल. त्यापलीकडं त्यांची नजर जातच नव्हती. वही कुणी लिहिली, हे त्यांनी एकदाही काढलं नाही. त्यांनी ते काढलं असतं तर मला खाली बसावं लागलं असतं. मी उभाच होतो, ओरडायला तेच बरं पडतं.

मी निघालो तेव्हा त्यांनी मागून विचारलं, "त्यांची शाल आन् स्मृतिचिन्ह राहिलंय माझ्याकडं. त्याचं काय करू?"

"काय करायचं ते करा तुमच्या शालीचं," मी म्हटलं आणि पायऱ्या उतरलो.

माझा राग असा आहे. तो शेवटचं वाक्य आपलंच असावं म्हणून बोलतो, आणि मग ते वाक्य दुसऱ्यांच्या हातात सोडून निघून जातो.

त्या गुरुवारी ती आली नाही. शेठ आले, खुशीत होते. सभा सुरू व्हायच्या आधी मला म्हणाले, "सर, राग सोडा आता. त्यांची शाल पोचती केली. घरपोच. तुम्हीच म्हणाले ना, काय करायचं ते करा."

मंडळाची जीप गेली होती, काचेवर मंडळाचं नाव असलेली. मंडळाचे दोन उत्साही सभासद, आमच्या गटातले नव्हेत, कधी न प्यालेले. वहीत गाव होतं, घर नव्हतं. म्हणून ते फाट्यावरच्या पानटपरीवर थांबले आणि त्यांनी विचारलं, "दारू सोडलेल्या ताई कुठं राहतेत हो?" टपरीवर सहा-सात जण होते. कुणालाच माहीत नव्हतं. मग ह्यांनी नाव सांगितलं.

ती अंगणवाडीत होती. खिचडी वाढायची वेळ. बायका लेकरांना घ्यायला आलेल्या. ह्या दोघांनी त्या सगळ्यांसमोर तिला शाल पांघरली, नारळ दिला, आणि तिचं नाव आणि खाली "व्यसनमुक्त" असं कोरलेली काचेची पट्टी हातात दिली. हातात खिचडीचा डाव होता, तो खाली ठेवायलाही वेळ दिला नाही म्हणे. फोटो काढला. तो फोटो शेठनी मला मोबाइलवर दाखवला. ती सरळ कॅमेऱ्याकडं बघत होती. शेजारी एक लेकरू नारळाला हात लावून राहिलं होतं.

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. पिऊन असतानाही मी कधी इतका ओरडलो नव्हतो. कॅरमची पेटी भिंतीवर आपटली. शेठ पांढरे पडले, म्हणाले, "मी तुम्हाला छप्पर दिलं, सर." मी म्हटलं, तुमचं छप्पर डोक्यावर आलं आमच्या. आम्ही सगळे उठलो आणि जिना उतरलो. त्या दिवशीची सभा आम्ही रस्त्याच्या कडेला, मोटारसायकली लावून, उभ्यानं घेतली. शेठ वर एकटेच होते. त्यांनाही त्या दिवशी सभेची गरज असेल, हे माझ्या डोक्यात आलं नाही. आलं असतं तरी बोलावलं नसतं.

पुढच्या गुरुवारपर्यंत पिठाच्या गिरणीमागं एक खोली मिळाली. गिरणीवाला म्हणाला, भाडं सावकाश द्या. मी म्हटलं, आजच घ्या. सभा झाल्यावर खोली मी झाडली. पीठ इतकं होतं की झाडून झाडून मीच पांढरा झालो, आणि आमच्यातला एक जण म्हणाला, सर, आता शोभता म्हातारे. कुणी फार हसलं नाही. तिच्यासाठी आणलेली खुर्ची भिंतीला तशीच होती.

तिचा फोन बंद होता. गावात जाऊन विचारायची सोय नव्हती, पुन्हा एक अनोळखी माणूस तिचं नाव विचारत जाणार, मग जीपवाल्यांत आणि माझ्यात फरक काय? मी वाट बघितली. तेवढ्या दिवसांत दोनदा बारच्या दारापर्यंत चालत गेलो आणि परत आलो, तेही इथं लिहून ठेवतो.

मग एका दुपारी परक्या नंबरवरून फोन आला. "सर, सोमवारी अर्धापूरच्या स्टँडवर या. दोन वाजता. एकटे." ठेवून दिला.

सोमवारी सकाळी मी मंडळात गेलो. शेठ एकटे पेपर वाचत होते. दारावरची ती पाटी निघालेली होती, खिळे तेवढे तसेच. मी म्हटलं, ते वहीचं पान द्या. ते म्हणाले, मंडळाची वही आहे, अध्यक्षाला असं पान देता येत नाही. मी म्हटलं, पान घेतल्याशिवाय मी जात नाही. त्यांनी पेपरची घडी घातली. मग उठले, कपाट उघडलं, पान फाडलं आणि माझ्यापुढं धरलं. त्यांचं स्वतःचं नावही त्याच पानावर होतं, माझ्याखाली दुसरं.

"मी बी गुरुवारचाच माणूस हाय, सर," ते म्हणाले. "मी येऊ का संगं?"

"नको," मी म्हटलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, पण तेव्हा मला दया आली नाही.

अर्धापूरच्या स्टँडवर दुपारी गर्दी नव्हती. केळीचे घड भरलेला एक टेम्पो उन्हात उभा होता. ती मागच्या बाकावर बसली होती. डोक्यावर पदर, पिशवी मांडीवर. वाळली होती. मी शेजारी, जरा अंतर ठेवून बसलो. आमच्यात दोन माणसं बसली की सभा होते. पण ती म्हणाली, "सभा नको. आधी माझं ऐका."

तिनं सांगितलं. शाल घरी नेली तर सासूनं विचारलं, कशाची? नवऱ्यानं शाल चुलीत घालायला घेतली, तिनं घालू दिली नाही, वास सुटला असता, शेजारणी आल्या असत्या. दुसऱ्या दिवशी अंगणवाडीत बावीसपैकी नऊ लेकरं आली. एक आई दारात उभी राहून लेकराला म्हणाली, ताईच्या तोंडाजवळ जाऊ नको. चौकशीला पर्यवेक्षिका येऊन गेल्या. तिच्याविरुद्ध अर्ज झालाय, निकाल नाही. "आधी पीत होते तव्हा बावीसच्या बावीस यायची, सर," ती म्हणाली. "सोडली तव्हा नऊ."

मग म्हणाली, "तिसऱ्या दिवशी पेले मी. चार दिवस पेले."

बोलण्यासारखं माझ्याकडं होतं ते सगळं शेठवर खर्च झालं होतं.

"वहीत कुणी लिव्हलं माझं?"

दोन आठवडे मी शेठला, मंडळाला, त्या जीपवाल्यांना, चारोळीवाल्याला मनातल्या मनात शिव्या देत होतो. त्या शिव्यांच्या आड मी छान बसलो होतो. आता काहीच आड नव्हतं.

"मी," मी म्हटलं.

"म्हाईत हाय." तिनं माझ्याकडं बघितलं. "गाव तुमच्याशिवाय कुणालाच सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगता का न्हाई, तेवढंच बघायचं होतं."

मी पान काढून दिलं. म्हटलं, हे एकच होतं, आता कुठं काही नाही. तिनं ते गुडघ्यावर पसरलं. तिला वाचता चांगलं येतं, दिवसभर रजिस्टरं भरते. वरपासून एकेक नाव सावकाश वाचत खाली आली. आपल्या ओळीशी थांबली. मला वाटलं फाडेल. फाडावं असं मला फार वाटत होतं.

"पेन द्या," ती म्हणाली.

मी दिलं. तिनं माझ्या चांगल्या अक्षरातले "चौदा महिने" एका रेघेनं खोडले. आणि पुढं, रकान्यात बसेना म्हणून जरा तिरकं, लिहिलं, "पाच दिवस".

पानाची घडी घातली आणि माझ्या हातात दिली. "हे आता तुम्ही ठेवा," ती म्हणाली. बस लागली होती. ती उठली आणि गावाच्या बसकडं निघाली. आता तिला लंगडायची गरज नव्हती, गावाला सगळं ठाऊक होतं, तरी ती लंगडत गेली.